संग्रहातल्या नाजूक बाहुल्या आणि मुलांचे हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे बाहुल्यांची दोन कपाटं आहेत आणि घरात मुलांची सतत ये-जा असते. या दोन गोष्टी एका छपराखाली कशा नांदतात, असं मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्यांपैकी काहींकडे बाहुल्या असतात, काहींकडे मुलं. उत्तरं दोघांसाठी आहेत. त्यातली काही दोघांनाही आवडणार नाहीत.

मुलांच्या हातात संग्रहातली बाहुली द्यावी का?

काही द्याव्यात, काही देऊ नयेत. कोणती द्यायची आणि कोणती नाही, हे मूल समोर येऊन उभं राहण्याआधी ठरवून ठेवावं. मूल हात पुढे करून उभं असताना घेतलेला निर्णय हमखास चुकतो. एक तर आपण भिडेखातर देऊन टाकतो आणि मग जीव मुठीत धरून बसतो, नाहीतर उगाच त्याच्या अंगावर खेकसतो.

माझी कसोटी अशी : ही बाहुली आत्ता फुटली, तर पुढची दहा मिनिटं मी या पोराशी नीट बोलू शकेन का? बोलू शकणार असेन तर देते, नसेन तर ती काचेआडच राहते. यात पैशाचा हिशोब फारसा नसतो. माझ्या कपाटातली सगळ्यात स्वस्त बाहुली मी कुणालाही देत नाही, कारण ती आईची होती. उलट व्हिनाइलची, म्हणजे मऊ प्लास्टिकची, एक चांगली महागडी बाहुली दर सुट्टीत दहा हातांतून फिरून येते.

पण बाहुली म्हणजे खेळणंच ना? मग खेळू दिलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतो, पण त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, सोनेबर्ग आणि वाल्टर्सहाउझेन या गावांच्या आसपास, बिस्कच्या, म्हणजे बिनचकाकीच्या चिनीमातीच्या, डोक्याच्या बाहुल्या प्रचंड संख्येने बनत आणि त्या मुलांसाठीच असत. मानेमागे ३९० हा साचा क्रमांक कोरलेली आर्मांड मार्सेल कंपनीची बाहुली संग्राहकांना आजही सगळीकडे भेटते, इतकी ती बनली. बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली, तीही मुलींनी तिचे कपडे बदलत बसावं म्हणूनच.

फरक पडला तो काळामुळे. चेहरा तसाच दिसतो, पण आतलं इलॅस्टिक सैल झालेलं असतं, डोळे धरून ठेवणारं प्लास्टर भुसभुशीत झालेलं असतं, केसांच्या टोपाचा गोंद सुटत आलेला असतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपण घोडा घोडा खेळायला लावत नाही, तसंच हे आहे. शिवाय काही बाहुल्या मुलांसाठी कधी नव्हत्याच. जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ काढली आणि रेझिनच्या (ओतीव, कडक प्लास्टिकच्या), गोल सांध्यांच्या बाहुल्यांचा छंद पसरला. तो पहिल्यापासून मोठ्यांचाच. त्यांचा चेहरा हाताने रंगवलेला असतो, आणि तो रंग खेळण्याच्या हिशोबाने लावलेला नसतो.

कोणत्या वयापासून हात लावू द्यावा?

तीन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नाही, आपल्या मांडीवर बसवूनही नाही. त्या वयात वस्तू तोंडात जाते आणि या बाहुल्यांवर सुटणाऱ्या गोष्टी भरपूर असतात : बटणं, मणी, बुटांचे बक्कल, कानातले. खेळण्यांच्या सुरक्षाचाचणीत ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. जुन्या बाहुलीचा अख्खा बूट तिच्यात सहज जातो.

त्यापुढे मी वयापेक्षा हात पाहते. काठोकाठ भरलेला पेला घेऊन मूल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कसं जातं? पुस्तकाचं पान कोपऱ्याला धरून उलटतं की मधूनच ओढतं? माझी एक भाची साडेचार वर्षांची असताना ज्या निगुतीने बाहुलीच्या हातमोज्याचं बटण लावायची, ते तिच्या बाबांना अजून जमत नाही. हो, पाहुण्यांमध्ये सगळ्यात धोकादायक म्हणजे मोठी माणसं. ती विचारत नाहीत, सरळ उचलतात, आणि उचलतात तेही हाताला धरून.

कोणती बाहुली कुठे दगा देते?

मुलाच्या हातात देण्याआधी ती कशाची बनली आहे हे ठाऊक असलंच पाहिजे, कारण प्रत्येकीचं मरण वेगळं.

बिस्क म्हणजे चकाकी न दिलेलं पोर्सेलीन. पडलं की संपलं, हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट म्हणजे त्याला केसासारखी बारीक भेग जाते आणि ती वरून दिसत नाही. डोक्याच्या आत छोटा दिवा धरला की मगच उजेडाची रेघ उमटते. त्यात डोळे मिटणारी बाहुली असेल तर काळजी दुप्पट. तिच्या काचेच्या डोळ्यांच्या मागे बहुधा शिशाचं वजन असतं, त्याच्या झोलाने डोळे उघडतात आणि मिटतात. मुलांना हे फार आवडतं आणि ती बाहुलीला गदागदा हलवतात. वजन आतून डोक्यावर आपटत राहतं, म्हणजे घंटेच्या लोलकासारखं. फक्त इथे घंटा चिनीमातीची असते.

कॉम्पोझिशन म्हणजे लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा, वरून रंग. वीतभर उंचीवरून पडली तरी निभावेल, पण ओल्या हाताने निभावणार नाही. पाणी लागलं की रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. ‘मी तिला अंघोळ घातली’ हे वाक्य कॉम्पोझिशनच्या मालकिणीने ऐकू नये.

जपानी बाहुल्यांच्या चेहऱ्यावर गोफुन असतं, म्हणजे शिंपल्यांची पूड आणि प्राण्यांपासून काढलेला सरस. तेही पाण्याने विरघळतं. घामेजल्या बोटाचा ठसा बसला तर तो पुसायला ओलं फडकं घेणं म्हणजे चेहराच पुसून टाकणं. या बाहुलीच्या तोंडाला मी स्वतःसुद्धा हात लावत नाही.

सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक, पातळ असतं. मुलाच्या अंगठ्याने पोटाला पोचा पडतो आणि तो बाहेर निघत नाही. शिवाय ते भुर्रकन पेट घेतं. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या टेबलाजवळ सेल्युलॉइडची बाहुली नको म्हणजे नको.

रेझिन पडून सहसा फुटत नाही, पण बोटं तुटतात. त्यातही करंगळी. आतल्या ताणलेल्या इलॅस्टिकमुळे हात ओढून सोडला तर फटकन परत येतो आणि मुलाचं बोट चिमटतं. मग मूल दचकून बाहुली टाकून देतं. रंगाला खरी भीती नखांची.

व्हिनाइल या सगळ्यांत दणकट. त्याला भीती असते ती डागांची. त्याचं पुढे सांगते.

मुलाला बाहुली धरायला कसं शिकवायचं?

‘हळू हं’ आणि ‘सांभाळून’ या शब्दांचा मुलाला काही उपयोग नाही. हळू म्हणजे काय, हे त्याच्या हातांना कळलं पाहिजे.

मी जमिनीवर जाड रजई अंथरते. बसायचं तिच्यावर, मांडी घालून. बाहुली हातात घेऊन उभं राहायचं नाही, ही एकच गोष्ट पाळली तरी निम्म्याहून जास्त अपघात टळतात. हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. हातावर क्रीम नको. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढायचं. हे सगळं मी आधी मुलासमोर स्वतः करते. आत्या अंगठी काढते म्हटल्यावर पोरंही हातातलं कडं काढून शेजारी ठेवतात.

मग एक हात बाहुलीच्या बुडाखाली, दुसरा मानेमागे. तान्ह्या बाळाला घेतात तसंच, आणि बहुतेक मुलांना हे एवढं सांगितलं की पुढचं आपोआप येतं. हाताला धरून उचलायचं नाही, केसांना तर नाहीच. बाहुली एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जात नाही. पहिल्याने ती रजईवर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. बहुतेक बाहुल्या पडतात त्या ‘मला वाटलं तू धरलीस’ या क्षणी.

पहिल्या वेळी मी फक्त बघायला लावते. टोप थोडा उचलून मानेमागचे आकडे दाखवते, हनुवटीखालचा सांधा दाखवते. मागे एकदा एका सात वर्षांच्या मुलाने बुटाचा तळवा उलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘ही कधी चाललीच नाही.’ तळवा कोरा होता. मी ती बाहुली कितीतरी वर्षं सांभाळत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

वेळ पंधरा मिनिटं. त्यानंतर हात दमतात, लक्ष उडतं. मूल अजून ‘हवी, हवी’ म्हणत असतानाच थांबावं.

हातमोजे घालायला लावावेत का?

सुती हातमोजे तर नकोतच. गुळगुळीत चिनीमातीवर ते सटकतात, आणि मुलांच्या हाताला ते मोठे होत असल्याने बोटांची टोकं लोंबत राहतात. स्वच्छ, कोरडा हात बरा.

उलट बाहुलीपासून मुलाला काही धोका?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर पहिला तोच असायला हवा.

सगळ्यात गंभीर म्हणजे लोहचुंबक. रेझिनच्या अनेक बाहुल्यांच्या डोक्याचं झाकण, आणि कधी हाताचे पंजेही, छोट्या पण जबरदस्त ताकदीच्या चुंबकांनी बसवलेले असतात. गोंद सुटला की चुंबक निसटतो. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वळ्यांना मधे चिमटीत धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. मुलाने चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठा. ‘उद्या बघू’ नको.

जुन्या कपड्यांत टाचण्या असतात. कधीकाळी कुणीतरी शिवण उसवली म्हणून लावून ठेवलेली टाचणी झालरीत गंजून बसलेली सापडते. मुलाला देण्याआधी कपड्यांवरून बोटं फिरवून पाहा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून बाहुलीची पापी घ्यायची नाही, तिची बोटं तोंडात घालायची नाहीत आणि खेळून झाल्यावर पुन्हा हात धुवायचे. जुना मोहेरचा (बकरीच्या लोकरीचा) टोप झटकला की धूळ उडते. दमा असलेल्या मुलाला तो लांबूनच दाखवावा.

पाहुणे ‘अगं दे ना, लहान आहे’ म्हणतात. नाही कसं म्हणायचं?

हसत, आणि कारणं न देता. कारण दिलं की त्याला उत्तर मिळतं. ‘नाजूक आहे’ म्हटलं की ‘आमची फार शांत आहे हो’ येतं. ‘महाग आहे’ म्हटलं तर तुम्ही कंजूष. मी पाहुण्यांकडे न बघता मुलाकडे वळते. गुडघ्यावर बसून सांगते, ‘या कपाटातल्या बाहुल्या डोळ्यांनी बघायच्या. हातात घ्यायची एक वेगळी आहे, चल दाखवते.’ मुलाला हे पटकन पटतं. कुरकुर असते ती मोठ्यांची.

‘वाटून घ्यावं’ ही शिकवण मुलांच्या खेळण्यांसाठी ठीक आहे. पण आजोबांचा चश्मा, आईचा फोन आणि आत्याच्या बाहुल्या सगळ्यांच्या नसतात, हेही मुलाला कधीतरी कळायला हवंच. नाही म्हटल्यावर अपराधी वाटून घेऊ नका. आणि खोटंही सांगू नका. ‘बाहुली झोपली आहे’, ‘ती चावते’ असली उत्तरं एक दिवस उघडी पडतात. त्यानंतर तुमच्या खऱ्या ‘नाही’लाही किंमत राहत नाही.

पाहुणे यायच्या आधी बाहुल्या लपवाव्यात का?

कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. लपवू नका. लपवलेल्या वस्तूचा मुलांना वास येतो.

मुलांसाठी वेगळी बाहुली ठेवावी का?

ठेवावी, पण टाकाऊ ठेवू नये. टक्कल पडलेली, एका पायाची बाहुली पुढे केली तर मुलाला कळतं की आपली बोळवण चालली आहे, आणि ते तिला तसंच वागवतं. माझी ‘हातात घ्यायची’ बाहुली सध्या व्हिनाइलची आहे. चांगल्या अवस्थेतली, डोळे मिटणारी, दोन जोडी कपड्यांची. कपड्यांना हुक नाहीत, मोठी बटणं आहेत. तीही कपाटातच बसते, इतर बाहुल्यांच्या रांगेत, सगळ्यात खालच्या फळीवर. इतरांच्या बरोबरीने बसल्यामुळे तिचा मान राहतो.

पूर्वी या कामाला एक साधीशी बिस्कची बाहुली होती. तिचं काय झालं ते पुढच्या उत्तरात.

फुटलीच तर काय करायचं?

माझा पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता. रजई अंथरलेली, हात धुतलेले, सगळं शास्त्रोक्त. तेवढ्यात फोन वाजला आणि मी उठून दाराशी गेले. परत वळते तोच ‘टक’ असा आवाज आला. मोठा नव्हे, बटण तुटल्यासारखा. पुतण्याने बाहुलीच्या डोळ्यावर अंगठा ठेवून तो किती आत जातो ते पाहिलं होतं. प्लास्टर जुनं होतं, दोन्ही डोळे सुटून डोक्यात पडले. बाहुली हलली की आत खडखड वाजायचं, आणि चेहऱ्यावर दोन काळी भोकं. तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मी काय करते ते पाहायला.

त्या दिवशी मला जे सुचायला हवं होतं आणि फक्त अर्धंच सुचलं, ते असं. आधी मुलाचे हात बघा. बिस्कची कड काचेसारखी कापते. तुकडे मुलाला गोळा करायला लावू नका, शिक्षा म्हणून तर नाहीच. बाहुली आहे तशी आडवी ठेवा. डोळे आत सुटले असतील तर हलवू नका, कारण ते वजन आतून गाल फोडू शकतं. सगळे कण, अगदी चुरासुद्धा, एका पांढऱ्या कागदावर घेऊन घडी घाला. फोटो काढा. आणि झटपट चिकटणारा गोंद काढू नका. तो काही सेकंदांत पकडतो, तुकडा केसभर चुकीचा बसला तर तसाच राहतो, आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याला आधी तुमचं काम सोडवत बसावं लागतं.

डोळे निखळणं त्या मानाने सुधारण्यासारखं असतं. टोप काढला की खाली पुठ्ठ्याचं किंवा बुचाचं झाकण असतं, तिथून आत जाऊन डोळे पुन्हा प्लास्टरने बसवता येतात. जाणत्या माणसाकडून मी ते करून घेतलं. डावा डोळा आता उजव्यापेक्षा किंचित उशिरा मिटतो.

मुलाला काय सांगायचं? जे झालं तेच. ‘डोळा दाबला, म्हणून तो आत पडला. दुरुस्त होईल की नाही ते बघू. मी उठून जायला नको होतं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पाच वर्षांच्या मुलाला नाजूक वस्तूपाशी एकटं सोडणं ही माझी चूक होती, त्याची नाही. ‘काही नाही झालं रे’ असंही म्हणू नका. काहीतरी झालं आहे हे त्याला दिसत असतं.

मुलाच्या आईवडिलांकडून भरपाई घ्यावी का?

बाहुली तुम्ही हाताने दिली असेल तर नाही. बंद कपाट उघडून घेतली असेल तर विषय काढायला हरकत नाही, पण मुलासमोर नको.

डाग पडले तर?

कसला डाग आणि कशावर, यावर सगळं अवलंबून आहे. व्हिनाइलवर बॉलपेनची शाई किंवा गडद कपड्यांचा रंग आत मुरतो. घासून निघत नाही, उलट चकाकी जाते. बरेच संग्राहक मुरुमांवरचं दहा टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड असलेलं मलम डागापुरतं लावून उजेडात ठेवतात. डाग फिका होतो, पण जास्त वेळ राहिलं तर खालचा रंगही उडतो, म्हणून आधी तळपायावर करून बघा. रंगवलेल्या ओठा-भुवयांजवळ ते नेऊ नका. नेलपॉलिश काढायचं द्रव कुठेच नको, कठीण प्लास्टिक त्याने विरघळतं.

मुलांनी बाहुलीला लाल, काळे, गडद निळे कपडे घालून तसंच ठेवून दिलं तर काही दिवसांत अंगावर त्या रंगाची सावली उतरते. खेळ संपला की ते कपडे काढून ठेवा.

माझं मूल बाहुल्यांना घाबरतं. सवय करून द्यावी का?

कशाला? दार लावून घ्या.

खेळून झाल्यावर बाहुली ठेवायची कशी? मुलाला त्यात घ्यावं का?

जरूर. आवरण्यात मुलं खेळण्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक वागतात, असा माझा अनुभव आहे. कपडे सारखे करायचे, बुटाचे बंद बांधायचे, पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळायचं. डोळे मिटणारी बाहुली पेटीत बरेच दिवस राहणार असेल तर तिला पालथी ठेवावी. उताणी ठेवली तर डोळ्यांच्या वजनाचा ताण सतत जुन्या प्लास्टरवर पडत राहतो. नाकाला टेकू नये म्हणून चेहऱ्याभोवती कागदाची मऊ चुंबळ करायची.

तो पुतण्या आता अकरा वर्षांचा आहे. ती चुंबळ वळायचं काम त्याचं. मला जमते त्यापेक्षा घट्ट वळतो, आणि बाहुली आत ठेवण्याआधी तिला एकदा आडवी करून डावा डोळा मिटेपर्यंत थांबतो.